किती घरं उचलायची

ह्या प्रकरणात माझं लग्न येत नाही, हे आधीच सांगून टाकते. ही पानं टाइप करून देणारी माझी भाची दोनदा म्हणाली, "आत्या, सांगलीला असताना तुझी स्थळं बघत होते ना, ते घाल की. लोक तेच आवडीनं वाचतात." वाचू देत, दुसऱ्या कुणाचं तरी. माझ्या त्या वर्षांत जे खरोखर घडलं ते सहा लाल आकडे दाखवणाऱ्या एका हिरव्या पाटीसमोर घडलं, आणि ते सांगायचं सोडून मी पोह्यांच्या बशा मोजत बसणार नाही. बाईमाणसाच्या आठवणीत यंत्राचं काय काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल पानं उलटून पुढं जावं. मी काही हात धरायला येत नाही.

सांगलीत मी माझ्या आत्याकडं राहायची. हळदीच्या पेठेमागच्या बोळात तिचं घर होतं, पुढं दोन खोल्या आणि मागं एक लांबट, धुरानं काळवंडलेलं स्वयंपाकघर. शेजारच्या वखारीत हळद पॉलिश करायची पिंपं सकाळी फिरायला लागायची ती दिवेलागणीपर्यंत. त्यांचा घरंगळता आवाज इतका अंगवळणी पडला होता की पिंप थांबलं की आम्ही मान वर करायचो आणि म्हणायचो, गेली वीज. हळदीची पूड कशावरही बसायची, दोरीवरच्या ओढणीवर, दुधाच्या सायीवर, माझ्या पुस्तकांच्या कडांवर. कॉलेजात पोरं मला विचारायची, रोज हळदीला बसतेस काय गं. मी म्हणायची, व्हय, तुमचा नवरदेव अजून सापडंना म्हणून रोज बसते.

आत्या खानावळ चालवायची. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. ते पेठेत मापाडी होते आणि दुपारी घरी येऊन पंगतीला वाढायचे. पेठेतले मुनीम, ट्रकवाले, एक-दोन मास्तर अशी माणसं पुढच्या खोलीत बसायची. जोंधळ्याची भाकरी, आमटी, एक सुकी भाजी, खरडा, आणि रविवारी रस्सा. आत्या मागं चुलीपाशी, मधे भिंत, त्यामुळे तिला पुढचं काही दिसायचं नाही. मामा पुढून ओरडतील तेवढंच तिला कळायचं. आणि मामांचं ओरडणं म्हणजे तुटक शब्द. "मीठ" म्हटलं की झालं, आत्या मिठाचं भांडं सरकवायची. "भाकरी" म्हटलं की मात्र तिचा हात थांबायचा, कारण पुढचा शब्द यायचा बाकी असे, अर्धी, चतकोर की एक. आणि "डबा" म्हटलं की आणखी दोन गोष्टी ऐकायच्या, कुणाचा आणि कोणत्या दुकानावर. पहिला शब्द कानावर पडला की पुढं किती ऐकायचं हे तिला ठाऊक असे. एकदा दूध उतू गेलं त्या गडबडीत तिचा "डबा" हा शब्द हुकला. मग जे नाव ऐकू आलं तो माणूस जेवायला बसलाय असं समजून तिनं त्याचं ताट वाढून पाठवलं, दुकानाचं नाव ऐकून तिला काही उलगडेना, आणि पुढं कुणीतरी मीठ मागितलं तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. ताट रिकाम्या पाटासमोर निवत पडलं. मामा म्हणाले, "आगं, त्यो दुकानात हाय, हितं कुठं बसवलास त्येला?"

मी तिथं राहायला आले ते आबांमुळं. माझे वडील, आबा, मिलिटरीत सिग्नलला हवालदार होते. पेन्शनवर आल्यावर मेढ्याजवळच्या आमच्या गावात त्यांनी भाताची खाचरं बघितली आणि गावातले रेडिओ दुरुस्त केले, त्यातलं जास्त मन लावून काय केलं हे सगळ्यांना माहीत आहे. रेडिओ उघडला की समोर बसायचा मान माझा. भावांना त्याचा कंटाळा. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला जाते म्हटलं तेव्हा सगळ्या भावकीनं आबांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. आबांनी ऐकून घेतलं आणि मला एस.टी.त बसवायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "हे बघ शालन, तुझ्या मनासारखं केलं. पर एक जरी वरीस फुकट गेलं तर वळकटी बांधायची आन घरला यायचं. सोसायटीत क्लार्कची जागा निघणार हाय, शेक्रेटरीला सांगून ठेवतो." ती सोसायटी म्हणजे पत्र्याची एक खोली होती, खताच्या पोत्यांनी भरलेली. डोळे चुरचुरायचे त्या वासानं. टेबलामागं बसलेला माणूस चाळिशीत म्हातारा दिसायचा. मी शेतात सापाला भ्याले नाही इतकी त्या खोलीला भ्याले. आणि आबांचा शब्द म्हणजे मिलिटरीचा हुकूम, त्याला पुढं अपील नाही, असं मी धरून चालले.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. सरांचंही नाही, त्यांची नातवंडं भेटली की माझ्याशी चांगली वागतात. शेवटच्या वर्षाला आमच्या वर्गात मुलगी मी एकटी. त्याच वर्षी लॅबमध्ये मायक्रोप्रोसेसरचं किट आलं, म्हणजे तीच हिरवी पाटी. एका कोपऱ्यात आकड्यांची बटणं, वर सहा लाल आकडे, मधोमध नखभर पायांचा काळा प्रोसेसर. ते कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. प्रोजेक्ट ठरवायची वेळ आली तसं सर म्हणाले, "तू स्टॅबिलायझरच्या ग्रुपात जा. चार मुलं आहेत, ती काम करतील. तू रिपोर्ट लिही. अक्षर सुरेख आहे तुझं."

"रिपोर्ट लिहीन सर," मी म्हटलं, "पण माझ्या स्वतःच्या कामाचा."

"कसलं काम?"

"किटवर करायचंय. एकटीनं."

काय करायचं होतं ते सांगते, अवघड नाही. त्या पाटीच्या मेमरीत घरं असतात, एकापुढं एक, आणि प्रत्येक घरात एक आकडा बसतो. प्रोसेसरला द्यायच्या सूचना अशाच आकड्यांत लिहायच्या. आता गंमत अशी की सगळ्या सूचना एका मापाच्या नाहीत. काही एकाच घरात पुऱ्या होतात. काहींना शेजारचं एक घर लागतं, त्यात एखादी संख्या असते. काहींना तीन घरं लागतात, कारण त्यांच्या पोटात पत्ता असतो, अमुक घराकडं उडी मार, तमुक घरातून उचल. घरांवर कुठंही खूण नसते की इथं सूचना सुरू होते. पहिल्या घरातला आकडा, म्हणजे कोड, बघून प्रोसेसर ठरवतो की अजून किती घरं उचलायची. आत्याला "मीठ", "भाकरी" आणि "डबा" ह्यांतला फरक कळायचा तसंच.

आम्ही पोरं प्रोग्राम कागदावर लिहायचो आणि बटणं दाबून घालायचो. मधे एखादी सूचना राहून गेली की मेलो. खालचं सगळं सरकवायचं, आणि सरकवलं की उड्यांचे सगळे पत्ते चुकायचे, ते एकेक हुडकून बदलायचे. म्हणून सगळे मधे मधे मोकळी घरं सोडून लिहायचे, पुढं कधी लागली तर असावीत म्हणून. मला ते बघवायचं नाही. हे सरकवायचं आणि पत्ते बदलायचं काम यंत्रानंच करावं, असा प्रोग्राम मला लिहायचा होता. त्यासाठी त्या प्रोग्रामला दुसऱ्याच्या प्रोग्राममधून सूचनेसूचनेनं चालत जाता यायला हवं, आणि दर पावलाला कळायला हवं की ही एका घराची, दोन घरांची की तीन घरांची.

सर हसले. वर्गासमोरच हसले. "कोड आहेत दोनशे छप्पन. प्रत्येकाची लांबी किती ह्याचा तक्ता लागेल. पाटीवर तुला लिहायला घरं तेवढीच. तक्त्यानंच मेमरी भरली. मग प्रोग्राम काय ओढणीच्या पदराला बांधणार?" पोरं हसली. सर पुढं म्हणाले, "न जमणारं करायला घ्यायचं, आणि नापास झालं की मुलगी म्हणून रडायचं, हे माझ्याकडं चालणार नाही."

"रडले तर जरूर नापास करा," मी म्हटलं आणि खाली बसले. सरांनी मला शनिवारची दुपार दिली. त्या भागात वीज जायचा वार आणि वेळ तीच, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं, तर सरांना नसेल काय.

तक्ता नको तर नियम हवा. तो कुठं लपलाय हे शोधायला मी आत्याच्या माजघरात कॅलेंडरचं जुनं पान पालथं घातलं आणि त्यावर सोळा बाय सोळाची घरं आखली, दर कोडाला एक. पुस्तकात बघून मी त्यात दाणे मांडायला लागले. एका घराच्या सूचनेला जोंधळ्याचा दाणा, दोन घरांच्या सूचनेला तुरीची डाळ, तीन घरांच्या सूचनेला शेंगदाणा. काही कोड पुस्तकातच दिलेले नव्हते, ती घरं मोकळी. आत्या येऊन बघून गेली. "शिकाय आलीस का सागरगोटं खेळाय?" असं म्हणाली, पण सुपातले दाणे घेऊ दिले. मांडून झालं तसं मी बघत बसले. मधला अर्धा कागद निव्वळ जोंधळा. वरच्या पट्ट्यात आणि खालच्या पट्ट्यात मात्र डाळ आणि शेंगदाणे, उभ्या ओळींत, मधेच तुटलेले. काहीतरी आहे एवढं कळत होतं, काय आहे ते हाताला लागत नव्हतं. मी पुस्तक पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि घटकाभर मागं भांडी घासायला गेले.

परत येते तो मामा कागदाशेजारी मांडी घालून बसलेले. पेठेत आज दर कसा पडला ते शेजाऱ्याला सांगत होते आणि सांगता सांगता एकेक शेंगदाणा उचलून तोंडात टाकत होते. तीन घरांच्या सगळ्या सूचना त्यांनी खाऊन टाकल्या होत्या. मामांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, हातातला शेवटचा शेंगदाणा बघितला आणि तो परत कागदावर ठेवला, कुठंतरी. "ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले, "लय खारं न्हवतं तसंबी."

मी रागानं मूठभर शेंगदाणे आणले आणि पुन्हा मांडायला बसले. पुस्तक पुढच्या खोलीत होतं आणि उठून जायची इच्छा नव्हती. मांडत गेले आणि अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं की मी पुस्तकाशिवाय मांडतेय. हात आपोआप जात होता. वरच्या पट्ट्यात दुसऱ्या उभ्या ओळीत चारही घरं. खालच्या पट्ट्यात एका ओळीआड, सगळ्या उड्यांची आणि कॉलची, म्हणजे जाऊन परत यायच्या उड्यांची. म्हणजे नियम माझ्या डोक्यात शिरला होता, मला तो बोलता येत नव्हता इतकंच. मग मी तो बोलून बघितला, मोठ्यानं. कोडाचे आठ बिट, म्हणजे शून्य नाहीतर एक लिहायच्या आठ जागा. डावीकडचे दोन बिट बघायचे, त्यांचे चार प्रकार होतात. ते मधल्या दोन प्रकारांतले असले तर डोळे मिटून एक घर, पुढं बघायचंच नाही. तिथंच निम्मा पसारा संपला. उरलेल्यांत उजवीकडचे तीन बिट बघायचे, आणि बहुतेकांचा निकाल तिथं लागतो. तरीही न बसणारे मोजके हट्टी कोड राहिले, त्यांना नावानिशी वेगळं विचारायचं. बस्स. दोनशे छप्पन घरांचा तक्ता जाऊन काही तुलना उरल्या. मामा म्हणाले, "कुणाशी बोलतीस?" मी म्हटलं, "मामा, खावा सगळं दाणं. आता लागत न्हाईत."

त्यानंतरचे सगळे शनिवार सारखेच गेले. प्रोग्राम घालायचा, चालवायचा, चूक सापडेपर्यंत वीज जायची आणि मेमरी कोरी व्हायची. वीज गेली की त्या पाटीला काही आठवत नाही, हे तिचं वागणं मला सुरुवातीला फार लागायचं. पुढं मी प्रोग्राम आणखी आखडत नेला, तो शहाणपणानं नव्हे तर बोटं दुखायची म्हणून. जितकी कमी घरं तितकं कमी दाबायचं. अखेर तो शंभर घरांच्या आत आला आणि मला तोंडपाठ झाला, लहानपणी परवचा पाठ असतो तसा. आजही रांगेत उभी असले की कधीकधी बोटं हवेत ते आकडे दाबतात. डॉक्टर त्याला दुसरं काहीतरी म्हणतात. म्हणू देत.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. वयस्कर, पांढरा बुशशर्ट, बोलणं मोजकं. मी माझा नमुना चालवून दाखवला, चालला. परीक्षक मान हलवणार तेवढ्यात सर पुढं झाले. "हा तिच्या सोयीचा प्रोग्राम आहे. माझा घालू दे." त्यांनी खिशातून कागद काढला आणि स्वतः बटणं दाबून आपला प्रोग्राम घातला. मधे एक सूचना वाढवायला सांगितली. मी माझा प्रोग्राम चालवला, त्यानं जागा केली, पत्ते बदलले. मग सरांनी त्यांचा प्रोग्राम सुरू केला आणि सहाही खिडक्यांत कचरा आला. एक आकडा अर्धवट पेटलेला, बाकीचे थरथरणारे.

"झालं," सर म्हणाले. "नियम नियम म्हणत होतीस. तक्ता केला असतास तर ही पाळी आली नसती."

सोसायटीच्या त्या खोलीचा वास माझ्या नाकात आला, खरोखर आला. मी सरांचा कागद ओढून घेतला. मागितला नाही, ओढला. वाचत गेले आणि मधे सापडलं. सरांनी प्रोग्रामच्या पोटात आकड्यांची एक ओळ ठेवली होती, शून्य ते सहाचे वर्ग, आणि वरून उडी मारून प्रोसेसर त्या ओळीच्या पलीकडं जात होता. त्या सूचना नव्हत्याच. माझा प्रोग्राम त्यांना सूचना समजून चालत गेला होता. ओळीतला शेवटचा आकडा छत्तीस. छत्तीस ह्या कोडाची सूचना दोन घरांची असते, म्हणून माझ्या प्रोग्रामनं पलीकडचं घर गिळलं, आणि त्या घरात खऱ्या कॉलचा कोड होता. कॉल गिळला गेला, त्याचा पत्ता बदलायचा राहिला.

मी हे सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे चूक कबूल."

"नाही," मी म्हटलं.

"तुझ्या प्रोग्रामला कळायला नको? कुठली सूचना आणि कुठला आकडा?"

"प्रोसेसरलाही कळत नाही, सर. त्याला ह्या ओळीच्या तोंडाशी सोडा, तो ह्याच घरांवर थांबेल आणि हाच कॉल गिळेल. आणि तक्ता केला असता तरी हेच झालं असतं. तक्ताही छत्तीसला दोनच सांगतो."

परीक्षकांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "दाखवा," ते म्हणाले.

मी हात पुढं केला आणि लाल आकडे विझले. वरचा पंखा हळूहळू थांबला. सरांनी टेबलावरचे कागद गोळा केले आणि म्हणाले, "पुढचा ग्रुप बाहेर थांबलाय, आपण वेळ घालवायला नको." तो आवाज मला आजही ऐकू येतो, किती सुटल्यासारखा होता तो. मी पाटीसमोरचं स्टूल सोडलं नाही. परीक्षकांना म्हटलं, "मी दाखवते म्हटलंय. वीज आल्यावर दाखवीन. तोवर मला इथून उठवायचं असेल तर हाताला धरून उठवावं लागेल." परीक्षकांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि बाहेरच्या ग्रुपला जेवून यायला सांगितलं. चहा मला कुणी विचारला नाही.

वीज आली तेव्हा मेमरी धुतल्यासारखी कोरी होती. सर म्हणाले, "आता सगळं पुन्हा कोण घालणार?" माझा प्रोग्राम मी कागदाशिवाय घातला, मान वर न करता. मग म्हटलं, "सर, तुमचा वाचा." वाचण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं, कागद त्यांच्या हातात, परीक्षक समोर. सर आकडे वाचत होते आणि मी दाबत होते. एकदा त्यांनी दोन आकडे भराभर वाचले, मी म्हटलं, "सावकाश."

किटला एक बटण असतं, ते दाबलं की प्रोसेसर एकच सूचना पाळून थांबतो आणि आता पुढच्या कोणत्या घरावर उभा आहे ते दाखवतो. छत्तीसची सूचना मेमरीत लिहिणारी असते, म्हणून ती कुठं लिहील ती जागा आधी मी लांबवरच्या निरुपद्रवी घराकडं वळवून ठेवली. मग प्रोसेसरला आकड्यांच्या ओळीच्या तोंडाशी सोडला. दर वेळी बटण दाबायच्या आधी मी बोलले. "एक घर." दाबलं, एक घर. "तीन." तीन. "दोन." दोन. "आता छत्तीस, दोन, आणि कॉल गेला." दाबलं. प्रोसेसर कॉलच्या कोडावरून पुढं जाऊन त्याच्या पत्त्याच्या पहिल्या घरावर उभा होता, माझा प्रोग्राम उभा राहिला होता तिथंच.

परीक्षक म्हणाले, "मग तुमचा प्रोग्राम वापरणाऱ्यानं काय करायचं?"

"सांगायचं की इथून इथवर आकडे आहेत," मी म्हटलं. "प्रोसेसरलाही आपण सांगतोच, वरून उडी मारायला लावून. त्याला सांगितलं म्हणून तो पास आणि मला सांगितलं नाही म्हणून मी नापास, हे मला मान्य नाही."

मग मी पत्ते बदलायचं काम दोन तुकड्यांत केलं, ओळीच्या अलीकडं एकदा, पलीकडं एकदा, आणि नंतर सगळं सरकवलं. सरांचा प्रोग्राम सुरू केला. पाच दाबलं, पंचवीस आले. सहा दाबलं, छत्तीस आले. सर म्हणाले, "रिपोर्टात ही मर्यादा लिही." मी म्हटलं, "लिहिते. तक्त्यालाही हीच मर्यादा आहे, तेही लिहिते." परीक्षक उठता उठता म्हणाले, "ते दुसरं वाक्य आधी लिहा. झालं तुमचं, जा. पास आहात."

घरी आले तर पुढच्या खोलीत आबा बसलेले. सकाळच्या गाडीनं आले होते. मामा पंगतीला वाढत होते, आत्या मागं चुलीपाशी होती. आबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पास." आबांनी मान हलवली, "जेव मग," म्हणाले. मी बसले नाही. इतके महिने घोटून ठेवलेलं वाक्य मला बोलायचं होतं. "आबा, सोसायटीच्या शेक्रेटरीला सांगा, ती जागा दुसऱ्याला द्या म्हणावं. मी येणार न्हाई."

"कवाच दिली," आबा म्हणाले.

"कवा?"

"तू दिवाळीला येऊन गेलीस न्हवं, त्येच्या पाठोपाठ. त्यास्नी माणूस पायजे हुता. मी म्हटलं, माझी पोरगी काय येत न्हाई, भरून टाका जागा."

"आन मी नापास झाले असते तर?"

"तर काय," आबा म्हणाले. "परत बसली असतीस."

आत्या पदराला हात पुसत दारात आली. "बापानं चांगलंच केलं की गं," ती म्हणाली. लोकांना इथं मुलीच्या डोळ्यांत पाणी हवं असतं. नाही आलं. मला इतका राग आला की भिंतीला धरून उभी राहिले. मी म्हटलं, "आबा, दिवाळीपासून दर शनिवारी मी त्या पत्र्याच्या खोलीला भिऊन तिथं जाऊन बसले. तुम्ही एक कार्ड टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?" जेवणारी माणसं हात थांबवून बघत होती. आबा म्हणाले, "चुकलं माझं."

फौजेतून आलेल्या त्या माणसाला हे शब्द मी आधी कधी कुणापुढं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि पुढंही ऐकलं नाही. आत्या माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी म्हणावं म्हणून. मी 'असू दे' म्हटलं नाही. आबा जाऊन वर्षं झाली, अजून म्हटलेलं नाही.